क्रांती कशी सुरू होते आणि दुसऱ्या देशांपर्यंत कशी पोचते

लोक फार गांजले की क्रांती होते, हा समज खोलवर रुजलेला आहे. पण तो इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. गांजलेली माणसे जगात कायमच असतात, क्रांत्या मात्र क्वचित होतात. दुष्काळात लाखो माणसे मेली तरी कित्येक राजवटींना धक्काही लागला नाही. उलट १७८९ चा फ्रान्स किंवा १९७८ चा इराण हे आपापल्या काळातले सर्वांत दरिद्री देश नव्हते. इराणकडे तर तेलाचा पैसा होता, अमेरिकी शस्त्रे होती, मोठे सैन्य होते. तरी शहाची सत्ता वर्षभरात संपली. म्हणून लोक का चिडले, एवढे विचारून भागत नाही. चिडलेले ते आधीही होतेच. या खेपेला राज्याला त्यांना आवरता का आले नाही, हे शोधावे लागते.

एका सेनापतीने दुसऱ्याला हटवून खुर्ची बळकावली तर तो लष्करी उठाव. त्यात माणूस बदलतो, कारभाराची रीत तीच राहते. क्रांतीत सामान्य माणसे मोठ्या संख्येने उतरतात, नियमांबाहेर जाऊन सत्ता हिसकावली जाते आणि राज्य कोणाच्या नावाने चालायचे हेच बदलते. या लेखात क्रांती म्हणजे हा दुसरा प्रकार.

## तिजोरीत खडखडाट

राज्य दररोज चालते ते पगारावर. शिपायाचा पगार, कारकुनाचा पगार, न्यायाधीशाचा पगार. पैसा आटला की राजाला कोणापुढे तरी हात पसरावे लागतात आणि ज्याच्यापुढे हात पसरायचे तो अटी घालतो. म्हणूनच मोठ्या क्रांत्यांची सुरुवात शोधत मागे गेले तर अनेकदा मोर्चाच्या आधी अर्थखात्यातली एखादी बैठक सापडते.

फ्रान्सचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटनला खाली पाहायला लावण्यासाठी फ्रान्सने एक अब्ज लिव्रहून (लिव्र म्हणजे तेव्हाचे फ्रेंच चलन) अधिक रक्कम ओतली, तीही बव्हंशी कर्ज काढून. १७८६ च्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्री कालोन यांनी सोळाव्या लुईला सांगितले की अशी तूट फार काळ चालणार नाही. १७८८ पर्यंत महसुलातला सुमारे निम्मा पैसा कर्ज फेडण्यातच जात होता. श्रीमंत उमराव आणि धर्मसंस्था मुख्य करांतून बऱ्याच अंशी सुटलेल्या होत्या. त्यांच्यावर जमीनकर बसवायचा तर त्यांची संमती हवी, म्हणून फेब्रुवारी १७८७ मध्ये मान्यवरांची सभा बोलावली. त्यांनी नकार दिला. वरिष्ठ न्यायसभांनीही हात झटकले आणि सांगितले की नवा कर मंजूर करण्याचा अधिकार तिन्ही वर्गांच्या महासभेलाच आहे. ती महासभा १६१४ नंतर भरलीच नव्हती. ऑगस्ट १७८८ मध्ये सरकारला काही देणी थोपवून धरावी लागली आणि राजाचा नाइलाज झाला.

५ मे १७८९ ला व्हर्सायमध्ये महासभा भरली आणि अडली ती मतमोजणीच्या नियमावर. धर्मगुरू आणि उमराव यांचे प्रत्येकी सुमारे ३००, तर बाकी सगळ्या प्रजेचे म्हणजे तिसऱ्या वर्गाचे सुमारे ६०० प्रतिनिधी होते. प्रत्येक वर्गाला एक मत धरले तर निकाल कायम दोन विरुद्ध एक. माणशी एक मत धरले तर दोन्ही बाजू बरोबरीत, आणि वरच्या वर्गांतले मूठभर जण इकडे आले की बहुमत तिसऱ्या वर्गाचे. सहा आठवडे हा वाद चालला. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रसभा म्हणून जाहीर केले. पॅरिसमधल्या बास्तीयच्या (बॅस्टिलच्या) किल्ल्यावर अजून कोणी चाल केलेली नव्हती, पण सत्ता नेमकी कोणाची हा प्रश्न त्या दिवसापासून उघड्यावर आला.

मग भाकरीचा भाग किती? मोठाच. जुलै १७८८ च्या गारपिटीने आणि पडलेल्या पिकाने पावाचे भाव चढत गेले. मजुराच्या कमाईतला निम्म्याहून अधिक हिस्सा पावावर खर्च होत होता. पण याच देशात १७७५ मध्येही पिठाचे भाव भडकून शेकडो ठिकाणी दंगली झाल्या होत्या. तेव्हा सुमारे २५ हजार सैनिक पाठवून सरकारने त्या काही आठवड्यांत मोडून काढल्या. भूक दोन्ही वेळा होती. १७७५ मध्ये राज्य एकसंध होते, १७८९ मध्ये ते दिवाळखोर आणि आपसांत भांडणारे होते.

## वरचे लोक फुटतात

पैशाच्या टंचाईतून दुसरी गोष्ट होते: सत्तेजवळची माणसे एकमेकांवर ढकलाढकली करू लागतात. काहींना सुधारणा हव्या असतात, काहींना बडगा. राज्यकर्ता दोघांनाही थोडे थोडे देत राहतो आणि नेमके हेच सर्वांत घातक ठरते. सवलत दिली की गाऱ्हाणे खरे होते याची कबुली मिळते आणि बोलण्याची भीती कमी होते. पुढच्या आठवड्यात गोळीबार केला की कबुली तशीच राहते, वर सूडाची भावना येते. इराणच्या शहाने १९७७ मध्ये दडपशाही काहीशी सैल केली, १९७८ मध्ये कधी पंतप्रधान बदलला, कधी लष्करी कायदा पुकारला. ८ सप्टेंबर १९७८ ला तेहरानच्या जालेह चौकात सैन्याने गोळ्या झाडल्या. त्यानंतर त्याच्या कोणत्याही आश्वासनावर विश्वास ठेवायला फारसे कोणी उरले नाही.

## मनातले आणि चारचौघांतले

क्रांती होण्याआधी ती जवळजवळ कोणालाच का दिसत नाही, हे समजायला एक साधा हिशेब उपयोगी पडतो. एका चौकात शंभर माणसे आहेत आणि सगळ्यांनाच सरकार नकोसे झाले आहे, असे धरू. पण रस्त्यावर उतरण्याचे धाडस प्रत्येकाचे वेगळे. एक जण कोणाचीही वाट न पाहता उतरेल. दुसऱ्याला आधी एक माणूस उतरलेला दिसायला हवा, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन, असे शेवटपर्यंत. पहिला उतरला की दुसरा उतरतो, त्याला पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरही जण रस्त्यावर येतात.

आता या गर्दीत एकच फरक करा. दुसऱ्या माणसाला एकाऐवजी दोन जण दिसायला हवेत. पहिला उतरतो, एकटाच उभा राहतो, पोलीस त्याला उचलतात आणि प्रकरण संपते. उरलेल्या ९८ जणांच्या मनात काडीचाही बदल झालेला नाही. तरी एका ठिकाणी उलथापालथ झाली आणि दुसऱ्या ठिकाणी चार ओळींची बातमीही आली नाही. लोकांच्या मनातला राग मोजून क्रांतीचे भाकीत करता येत नाही ते यामुळे. ऑगस्ट १९७८ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या मूल्यमापनात इराण क्रांतीच्या उंबरठ्यावर नाही असे म्हटले होते. खुद्द लेनिनने जानेवारी १९१७ मध्ये झुरिकच्या एका सभेत, आपल्या पिढीला निर्णायक लढाया कदाचित पाहायला मिळणार नाहीत, असे सांगितले होते. दोन महिन्यांत रशियाचा सम्राट, झार, पदच्युत झाला.

पहिल्या काही माणसांची अडचण सुटते ती बहुधा अशा जागी, जिथे लोक एरवीही जमतातच: अंत्ययात्रा, शुक्रवारचा नमाज, सोमवारची प्रार्थना, कारखान्याचे दार. तिथे जमण्यासाठी गुप्त निरोप लागत नाहीत आणि पकडले गेल्यास सांगायला कारणही असते. इराणमध्ये तर शोकाच्या परंपरेनेच वेळापत्रक ठरवून दिले. ९ जानेवारी १९७८ ला कोम शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला. मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा घेण्याची तिथली रीत. म्हणून १८ फेब्रुवारीला ठिकठिकाणी लोक जमले आणि तब्रीझमध्ये दंगल होऊन आणखी माणसे मेली. पुन्हा चाळीस दिवसांनी, मार्चअखेर, याझ्द आणि इतर शहरे पेटली. प्रत्येक गोळीबार पुढच्या निदर्शनाची तारीख ठरवत गेला. सरकारला हे चक्र कळत होते, पण शोकसभांवर बंदी घालायची तर धर्मालाच हात घालावा लागला असता.

## शिपाई गोळी झाडतो का?

तिजोरी रिकामी असली, दरबार फुटला, चौक भरला, तरीही शिपायाने हुकूम पाळला तर राजवट तगते. म्हणून रशियाची तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड हिचे १९१७ मधले पाच दिवस सावकाश पाहायला हवेत. तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत. आजच्या पंचांगासाठी त्यांत १३ दिवस मिळवायचे.

२२ फेब्रुवारीला पुतिलोव कारखान्याने वादामुळे कामगारांना बाहेर काढून दारे बंद केली. २३ ला जागतिक महिला दिन. कापडगिरण्यांतल्या बायका पावाच्या रांगांना कंटाळून बाहेर पडल्या आणि शेजारच्या धातू कारखान्यांतल्या पुरुषांना त्यांनी काम सोडायला लावले. शहरात पीठ अगदीच संपलेले नव्हते, पण युद्धामुळे रेल्वे कोलमडली होती आणि रेशनच्या अफवांनी लोक पाव साठवू लागले होते. २५ पर्यंत संप शहरभर पसरला. त्या दिवशी झ्नामेन्स्काया चौकात गर्दी पांगवायला आलेल्या कोसॅक घोडेस्वारांपैकी एकाने पोलीस अधिकाऱ्यालाच मारले. त्याच संध्याकाळी दूर मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयात असलेल्या झारने सेनापती खाबालोवला तार केली: उद्याच्या उद्या गडबड थांबवा.

इथे सगळे फिरले. तोवर सैनिकांना बंदुकीच्या वापराचा स्पष्ट हुकूम नव्हता. ते बघ्याची भूमिका घेऊ शकत होते. तारेने ती पळवाट बंद केली. २६ ला, रविवारी, वोलिन्स्की पलटणीच्या प्रशिक्षण तुकडीने गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि त्याच चौकात चाळीसहून अधिक माणसे पडली. बराकीत परतल्यावर रात्रभर त्या सैनिकांत बोलणे चालले. २७ च्या सकाळी त्यांनी पुन्हा बाहेर पडायला नकार दिला, त्यांचा अधिकारी मारला गेला. मग ते शेजारच्या पलटणींच्या बराकीत गेले, कारण एकट्या पलटणीचे बंड म्हणजे फाशी आणि सगळ्यांचे बंड म्हणजे क्रांती, हे त्यांना चांगले कळत होते. संध्याकाळपर्यंत हजारो सैनिक लोकांच्या बाजूला होते. २ मार्चला झारने गादी सोडली, तीही सगळ्या आघाड्यांच्या सेनापतींनी तसा सल्ला दिल्यावर.

ते सैनिक कोण होते, हा यातला कळीचा तपशील. राजनिष्ठ जुन्या पलटणी १९१४ ते १९१६ च्या लढायांत गारद झाल्या होत्या. शहरातल्या राखीव तुकड्यांत नुकते भरती झालेले किंवा जखमांतून बरे होणारे लोक होते. त्यांना आघाडीवर जायचे नव्हते आणि रांगेतल्या बायकांचे दुःख त्यांच्या घरातलेच होते. हे गणित राज्यकर्त्यांनाही कळते. १९८९ मध्ये बीजिंगमधल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनावेळी ३८ व्या सैन्याचे सेनापती शू छिनशियान यांनी शहरात सैन्य घेऊन जायला नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकले गेले आणि अनेक सैन्यांच्या तुकड्या दूरदूरहून आणल्या गेल्या. सीरियात २०११ नंतर राजवट २०२४ पर्यंत टिकली त्याचे एक मोठे कारण म्हणजे मोक्याच्या तुकड्यांचे अधिकारी असद कुटुंबाच्या अलावी समाजातले होते. राजवट गेली तर आपलेही संपले, असे त्यांना वाटत होते.

एरिका चेनोवेथ आणि मरिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमांचा अभ्यास केला, त्यात निःशस्त्र मोहिमा ५३ टक्के वेळा यशस्वी ठरल्या आणि सशस्त्र २६ टक्के वेळा. यामागचे कारण भाबडे नाही. निःशस्त्र मोर्चात म्हाताऱ्या, मुले, दुकानदार, सरकारी नोकर येऊ शकतात. समोरच्या शिपायाला त्यात ओळखीचा चेहरा दिसण्याची शक्यता वाढते. बंदूक घेतली की हे सगळे घरी जातात आणि शिपायाला जीव वाचवायचा असतो, म्हणून तो गोळी झाडतो. शिवाय संप ही मोर्चापेक्षा जड वस्तू आहे. इराणमध्ये ऑक्टोबर १९७८ पासून तेल कामगार संपावर गेले. दिवसाला सुमारे ६० लाख पिंपे तेल काढणाऱ्या देशाची निर्यात डिसेंबरअखेर जवळपास थांबली. शहाचे सैन्य रस्ते अडवू शकत होते, तेलविहिरी चालवू शकत नव्हते.

राजा गेल्यावर काय होते, यावर स्वतंत्र लेख लागेल. इथे एवढेच: 'नको' म्हणणारी आघाडी 'हवे काय' यावर लगेच फुटते. रशियात हंगामी सरकार आणि कामगार-सैनिकांची सोविएत, म्हणजे परिषद, अशा दोन सत्ता एकाच शहरात शेजारी बसल्या. सरकारने युद्ध चालू ठेवले, जमीनवाटप पुढे ढकलले, आणि ऑक्टोबरमध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने त्याला हुसकावले. ज्यांच्याकडे आधीपासून शिस्तबद्ध संघटना असते त्यांना अशा पोकळीत मोठा फायदा मिळतो, मग त्यांचे पाठीराखे संख्येने कमी असले तरी.

## सीमेपलीकडे

१८४८ मध्ये ज्या वेगाने बातमी पसरली तो आजही थक्क करतो. १२ जानेवारीला सिसिलीतले पालेर्मो उठले. २४ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये राजा लुई फिलिपने गादी सोडली. १३ मार्चला व्हिएन्नात, युरोपातल्या सनातनी व्यवस्थेचा शिल्पकार मेटर्निख पायउतार झाला. १५ ला हंगेरीतले पेस्ट, १८ ला बर्लिन आणि मिलान. पॅरिसने यातल्या कोणालाही पैसे किंवा माणसे पाठवली नव्हती. गेली ती फक्त बातमी, आणि वर सांगितलेल्या हिशेबात तिचे मोल काय आहे ते उघड आहे: दुसऱ्या शहरातली गर्दी पाहून आपल्या शहरातल्या माणसाचे धाडस वाढते.

पण बातमीसोबत पलटणी फितूर होत नाहीत. व्हिएन्नाच्या सम्राटाचे, म्हणजे ऑस्ट्रियाचे, सैन्य शाबूत होते. सेनापती राडेट्स्कीने उत्तर इटली परत घेतली, विंडिशग्रेट्झने प्राग आणि मग व्हिएन्ना. हंगेरी तेवढी उरली, तेव्हा १८४९ मध्ये रशियाच्या झारने सम्राटाच्या मदतीला मोठे सैन्य पाठवले आणि ऑगस्टमध्ये हंगेरियन सैन्याने शस्त्रे ठेवली. दीड वर्षात बहुतेक ठिकाणी जुनीच मंडळी परतली. शेजाऱ्याचे अनुकरण करणाऱ्यांची चूक वारंवार हीच होते: तिथे गर्दी जमली हे दिसते, तिथला कणा आधीच मोडलेला होता हे दिसत नाही.

क्यूबाने याचा सर्वांत महाग धडा दिला. डिसेंबर १९५६ मध्ये फिडेल कॅस्ट्रोसह ८२ जण किनाऱ्यावर उतरले, त्यातले डोंगरात पोचले ते वीसच्या आसपास. तरी १ जानेवारी १९५९ ला हुकूमशहा बाटिस्टा पळाला. यावरून कॅस्ट्रोचा साथीदार चे गव्हेरा याने निष्कर्ष काढला की मूठभर जिद्दी लढवय्ये डोंगरात बसून क्रांतीची परिस्थिती स्वतः निर्माण करू शकतात. शहरांतला विरोध, बाटिस्टाचे पोखरलेले सैन्य आणि मार्च १९५८ मध्ये अमेरिकेने थांबवलेली शस्त्रे, हे सगळे त्या निष्कर्षातून गळून पडले. १९६६-६७ मध्ये हीच पद्धत त्याने बोलिव्हियात वापरली. तिथे १९५२ च्या क्रांतीने शेतकऱ्यांना आधीच जमीन दिली होती. त्यांच्यातले फारसे कोणी त्याला सामील झाले नाही. दरम्यान अमेरिकाही शिकली होती: तिच्या प्रशिक्षकांनी बोलिव्हियाची खास पलटण तयार केली आणि ९ ऑक्टोबर १९६७ ला चे मारला गेला.

क्रांतीतून धडा घेण्यात राज्यकर्ते बंडखोरांपेक्षा कमी नसतात, उलट पुष्कळदा ते अधिक लवकर शिकतात. हा भाग आपल्याकडच्या चर्चेत फार दुर्लक्षित राहतो. शेजारी पेटला की राज्यकर्त्यापुढे काही ठरावीक वाटा असतात. १८४८ मध्ये नेदरलँड्सचा राजा दुसरा विल्यम याने आपल्या रस्त्यावर काही होण्याआधीच नवी राज्यघटना मान्य केली आणि त्याची गादी वाचली. १९१७ नंतर बोल्शेविझमच्या धास्तीने युरोपातल्या मालकवर्गाने आठ तासांचा दिवस स्वीकारला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाचा होता. चीनमध्ये माओपुढे हरलेल्या चँग काई-शेकच्या पक्षाने तैवानमध्ये १९४९ मध्ये कुळांचा खंड उत्पन्नाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला आणि १९५३ मध्ये कसणाऱ्याला जमीन दिली. मुख्य भूमीवर जे करायला तो तयार नव्हता, ते पराभवानंतर चार वर्षांत केले. क्रांतीचे सर्वांत मोठे फायदे अशा रीतीने कधी कधी ती न झालेल्या देशातल्या गरिबांना मिळतात.

२०११ मध्ये सगळ्या वाटा एकदमच दिसल्या. ट्युनिशियात सिदी बुझिदच्या मोहम्मद बुअझीझीने १७ डिसेंबर २०१० ला स्वतःला पेटवून घेतल्यानंतर १४ जानेवारीला तिथला अध्यक्ष बेन अली पळाला, ११ फेब्रुवारीला इजिप्तचा मुबारक गेला. मोरोक्कोच्या राजाने ९ मार्चला घटनाबदलाची घोषणा केली आणि जुलैत सार्वमत घेतले. सौदी अरेबियाने दोन हप्त्यांत सुमारे १३० अब्ज डॉलरच्या सवलती, घरे आणि नोकऱ्या जाहीर केल्या. बहरीनमध्ये १४ मार्चला सौदी नेतृत्वाखालचे सैन्य पुलावरून आत शिरले. लिबियाचा गद्दाफी आणि सीरियाचा असद यांनी मात्र मुबारककडे पाहून उलटा धडा घेतला: माघार म्हणजे शेवट, तेव्हा पहिल्या दिवसापासून गोळ्या.

राजवटींवरची बाहेरच्या सत्तेची छत्री काढून घेतली तरी क्रांती पसरते, आणि ती सर्वांत वेगाने. १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे आले होते, म्हणून पूर्व युरोपातल्या लोकांचा पहिला प्रश्न कायम मॉस्को काय करेल हाच असे. डिसेंबर १९८८ मध्ये सोविएत नेते गोर्बाचेव यांनी संयुक्त राष्ट्रांत पाच लाख सैनिक कमी करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षभरात तो प्रश्न निकालात निघाला. जूनमध्ये पोलंडच्या निवडणुका, सप्टेंबरमध्ये हंगेरीने उघडलेली ऑस्ट्रियाची सीमा, ९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे ७० हजार माणसे आणि त्यांच्यासमोर सज्ज असूनही हुकूम न मिळालेले पोलीस, ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत. प्रत्येक देशाला शेजाऱ्यापेक्षा कमी वेळ लागला.

## युद्ध आणि बाजार

नवी राजवट दुबळी आहे, तिचे अधिकारी पळालेत किंवा मारले गेलेत, असे पाहून शेजारी हल्ला करण्याचा मोह धरतात. १९८० च्या सप्टेंबरमध्ये सद्दाम हुसेनने इराणवर हल्ला केला तो याच हिशेबाने. परिणाम उलटा झाला. परक्या आक्रमणाने इराणातले मतभेद देशद्रोह ठरले, मवाळ गट चिरडले गेले, मे १९८२ मध्ये खोर्रमशहर इराणने परत घेतले आणि युद्ध आठ वर्षे चालले. फ्रान्समध्येही तेच: एप्रिल १७९२ मध्ये पुकारलेल्या युद्धाने आणि पॅरिस उद्ध्वस्त करण्याच्या शत्रूच्या धमकीने राजेशाही वाचण्याऐवजी ऑगस्टमध्ये ती कोसळली, आणि वर्षभरात सक्तीच्या भरतीने उभे राहिलेले सैन्य सगळ्या युरोपाला भारी पडले.

बाजाराची वाट कमी गाजते, पण ती सर्वांत लांब जाते. इराणच्या संपानंतर पिंपामागे १३-१४ डॉलरचे तेल १९८० पर्यंत ३० डॉलरवर गेले. महागाई रोखायला अमेरिकेने व्याजदर वाढवले, १९८१ मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास पोचले, आणि डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या मेक्सिकोने ऑगस्ट १९८२ मध्ये फेड करता येत नसल्याचे सांगितले. या साखळीत इतर कारणेही होती, पण इराणमधला संप हे तिच्यातले एक ठळक कडे होते. शस्त्रेही अशीच फिरतात. २०११ मध्ये गद्दाफी पडल्यावर त्याच्या सैन्यातले सहारातल्या तुआरेग जमातीचे लढवय्ये भांडारातली शस्त्रे घेऊन मालीत परतले. जानेवारी २०१२ मध्ये तिथे बंड, मार्चमध्ये लष्करी उठाव, आणि वर्षभराने फ्रान्सचे सैन्य मैदानात.

## मान्यता मिळवण्याची किंमत

राजधानी जिंकली तरी नव्या सरकारला कर्ज, व्यापार आणि वकिलाती हव्या असतात, आणि त्या इतर देशांच्या हातात असतात. हैतीची कहाणी इथे सांगायलाच हवी, कारण तिच्याएवढी क्रूर दुसरी नाही. सँ-दोमिंग, म्हणजे आजची हैती, ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. तिथले सुमारे पाच लाख गुलाम ऑगस्ट १७९१ पासून उठले. नेपोलियनने १८०२ मध्ये पाठवलेले सैन्य पीतज्वर आणि लढाया यांत बव्हंशी नष्ट झाले. अमेरिका खंडातला डाव सोडून देत त्याने १८०३ मध्ये लुइझियाना १.५ कोटी डॉलरला अमेरिकेला विकली, आणि अमेरिकेचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाले. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाली. दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढणाऱ्या सायमन बोलिव्हारला तिने शस्त्रे आणि आसरा दिला, बदल्यात मुक्त केलेल्या भूमीतले गुलाम सोडण्याचे वचन घेतले. त्याच वेळी शेजारच्या क्यूबात मळेवाल्यांनी हैतीच्या साखरेची रिकामी झालेली जागा घेतली आणि तिथे गुलामगिरी वाढली. एकाच क्रांतीतून ही दोन्ही फळे आली.

तिला मान्यता मात्र कोणी देईना. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून मान्यतेची किंमत सांगितली: गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक. त्या मालमत्तेत गुलाम माणसेही धरलेली होती. पहिला हप्ता भरायला हैतीला फ्रेंच बँकांकडूनच ३ कोटींचे कर्ज काढावे लागले, त्यातले दलाली कापून सुमारे २.४ कोटीच हाती आले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण तिच्यापायी घेतलेली कर्जे पुढच्या कर्जांत मुरत गेली आणि त्यांचा शेवटचा हिशेब १९४७ मध्ये मिटला. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली १८६२ मध्ये, दक्षिणेतली गुलामधारी राज्ये संघातून फुटून गेल्यानंतर. सोविएत संघाला अमेरिकेची मान्यता मिळायला १९३३ उजाडले; आधीच्या झारशाहीची कर्जे बुडवल्याचा राग त्यामागे होता. १९४९ मध्ये बीजिंगमध्ये स्थापन झालेल्या राजवटीला संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा मिळाली ती २५ ऑक्टोबर १९७१ ला.